फटफटीवरचं मानाचं सीट

आष्टीला माझ्या सासुरवाडीच्या ओट्यावर मोटारसायकलचं एक सीट आहे. त्याच्याखाली मोटारसायकल नाही. सीट चांगलं लांबलचक, मागे टेकायला एका लोखंडी गेटाचा वरचा अर्धा भाग, आणि त्या गेटावर मधोमध पत्र्याचं कमळ. मी सासुरवाडीला गेलो की मला त्यावरच बसवतात. घरात खुर्च्या आहेत, आता तर सोफाही आहे. पण कुणीतरी फडक्यानं ते सीट पुसतं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणतं, "बसा जावईबापू, तुमचंच हाये." मी बसतो. न बसून सांगणार कुणाला!

जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि मी नुकताच जावई झालो होतो. आपण फार मोठे झालो असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. मी जालन्याला एका लोखंडाच्या कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होतो. म्हणजे भंगाराचा ट्रक आला की तो काट्यावर उभा करायचा, आकडा वाचायचा आणि ओरडून सांगायचा. लोखंडाशी माझा संबंध एवढाच. पण सासुरवाडीत कुणी विचारलं की मी नुसतं "लोखंडात आहे" म्हणायचो आणि पुढचं त्यांच्यावर सोपवायचो. त्यामुळे आष्टीत असा समज झाला होता की लोखंडातलं मला कळत नाही असं काही नाही. मी तो समज दूर केला नाही. (का करावा? पहिलाच दिवाळसण होता!)

आता आमच्या लग्नातला घोटाळा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. माझ्या बायकोचे, म्हणजे सुमनचे मामा हे सासूबाईंचे एकुलते एक भाऊ. आष्टीपासून जवळच एका वाडीत त्यांची शेती. ऐन लग्नाच्या वेळी सरबताला बर्फ कमी पडला आणि मामा उत्साहाच्या भरात स्वतःच परतूरला बर्फ आणायला गेले. इकडे मुहूर्त आला. भटजी घाई करायला लागले. कुणीतरी एका चुलत मामाला पुढं ढकललं आणि लग्न लागून गेलं. मामा गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी खांद्यावर घेऊन आले तेव्हा लोक जेवायला बसले होते. मामांनी लादी मांडवाच्या मधोमध ठेवली आणि न जेवता चालते झाले. लादी संध्याकाळपर्यंत विरघळली. मामा विरघळले नाहीत.

तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद होतं. राखी पौर्णिमा तशीच गेली. आता भाऊबीज तोंडावर आली होती.

"ह्या भाऊबीजेला दादाकडं जाणं न्हाई झालं, तर मंग ह्या जल्मात व्हायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे त्या सुमनला म्हणाल्या, पण मला ऐकू येईल अशा बेतानं. त्या काळी सासू जावयाशी सरळ बोलत नसे. मला काही सांगायचं असलं तर त्या सुमनला सांगायच्या, सुमन नसली तर दाराला सांगायच्या. एकदा माझा चहा निवत असल्याचं त्यांनी म्हशीला सांगितल्याचं मला पक्कं आठवतं.

पण जायचं कसं? वाडीला एसटी जात नव्हती. बैल पेरणीला जुंपलेले. घरात अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची काळी फटफटी होती. पण अण्णा तर मेहुण्याच्या दारात पाय ठेवायला तयार नव्हते. "भर मांडवात बरफ आदळून गेला त्यो! म्या न्हाई येत," म्हणून ते मोकळे झाले. राहिलो मी. ज्याच्या लग्नात हे सगळं झालं तो जावई स्वतः बहिणीला घेऊन दारात गेला, तर मामा काय बोलतील? ही कल्पना सगळ्यांना पसंत पडली. अडचण एकच होती. फटफटीचं सीट आखूड. त्यावर सासूबाई बसल्या असत्या (त्या अंगानं चांगल्या भरदार होत्या) तर जावयाच्या पाठीला टेकल्या असत्या. सासू जावयाच्या पाठीला टेकून भर गावातून चालली आहे! असल्या गोष्टीपेक्षा भावाशी अबोला परवडला, असं सासूबाईंचं मत होतं, आणि ते त्यांनी दाराला स्पष्ट सांगितलं.

इथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्याला कारण दिवाळसण. दिवाळसणात जावयाला काही काम नसतं. सकाळी कुणीतरी तेल चोळतं, कुणीतरी पाणी तापवतं, मग खायचं, मग लोडाला टेकायचं, मग पुन्हा खायचं. पाण्याचा तांब्या स्वतः उचलला तरी घरात धावपळ उडते. आणि सगळे आपल्या तोंडाकडे बघत असतात, कारण जावई आज ना उद्या रुसणार असा रिवाजच असतो. अण्णा रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "काई मनात असलं तर सांगा बरं. मनात ठिवू नका."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी म्हणालो, "अण्णा, तुमची फटफटी जरा हवी होती."

सासूबाईंचा करंजी मुरडणारा हात थांबला. अण्णांनी अंगणातल्या फटफटीकडे एकदा पाहिलं. ती त्यांचा जीव की प्राण होती. घरातलं लेकरू पडलं तर ते बसल्या जागेवरून "उठ" म्हणायचे, पण फटफटीवर कोंबडी बसली तर धावत सुटायचे.

"घ्या की," ते म्हणाले. "तुमचीच हाये."

"घ्यायची नाही हो अण्णा!" मी घाईनं म्हणालो. "फक्त थोडी कापायचीय."

"कापायची?" अण्णांचा चेहरा असा उजळला की बास! "मंग कापा की! बिलकुल कापा! म्या म्हणलं, काय मागून राह्यले का काय!"

आपली गाडी कापायला निघालेल्या माणसाला इतक्या आनंदानं परवानगी दिलेली मी तरी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

माझी योजना सोपी होती. फटफटीचा मागचा सांगाडा दोन हात लांब वाढवायचा. पुढे मी बसणार, मध्ये फराळाची पाटी, आणि शेवटी सासूबाई. म्हणजे सासू-जावयात मर्यादेचं अंतर राहील आणि फराळही जाईल. मी गाडी घेऊन बाजारातल्या रहीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. रहीमभाई गेट बनवायचे, खिडक्यांचे गज बनवायचे.

"गाडी का काम कभी किये क्या?" मी विचारलं.

"गेट भौत बनाया, जमाईबाबू," रहीमभाई म्हणाले. "गेट भी लोहे का, गाडी भी लोहे की. मेरा गेट आज तक गिरा नहीं!"

मला हे पटलं. (गेट कुठं जात-येत नाही, आणि त्यावर कुणाची सासू बसत नाही, हे मला नंतर सुचलं.) आम्ही दोघांनी मिळून फटफटीच्या पाठीमागे नळाचे दोन पाइप जोडले, त्यावर फळी ठोकली, फळीवर काथ्याची गादी आणि वर लाल रेक्झिन. सासूबाईंना टेकायला काहीतरी हवं, म्हणून दुकानात पडून असलेल्या एका गेटाचा वरचा भाग कापून बसवला. कमळ रहीमभाईंनी काढू दिलं नाही. "जमाई का काम है, कुछ तो शान होना," ते म्हणाले. सगळं दोन हात मागे गेलं. चाक मात्र जिथं होतं तिथंच राहिलं. हे शेवटचं वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

घरी आल्यावर सुमननं गाडीला एक चक्कर मारली आणि हळूच म्हणाली, "अहो, हे मागं लई लांब झालं. आईचं वजन..."

"वजनाचं मला सांगतेस?" मी म्हणालो. "वजनाचं? मला?"

ती आणखी काहीतरी बोलणार होती, पण स्वयंपाकघरातून तिला हाक आली आणि ती गेली. मी एकट्यानं गावाला फेरी मारून आलो. हँडल इतकं हलकं झालं होतं की एका बोटानं वळत होतं. मी ती गोष्ट सुधारणेत धरली.

भाऊबीजेच्या सकाळी सगळी गल्ली बघायला जमली. सासूबाईंनी नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. हातभर बांगड्या, ओवाळणीचं ताट फडक्यात बांधलेलं, करंज्या-अनारशांची पाटी. त्या गाडीभोवती एकदा हिंडल्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी आभाळाकडे पाहिलं.

"धरून बसा," अण्णा एवढंच म्हणाले.

सासूबाई कमळाला टेकून बसल्या आणि फटफटीचं पुढचं चाक जमिनीवरून अलगद वर आलं. मी घाईनं पुढे बसलो तसं चाक खाली टेकलं.

"बघा!" मी म्हणालो. "बसलं की नाही बराबर?"

मागून सासूबाईंचं मारुतीरायाला हाका मारणं ऐकू येत होतं. किती धार्मिक बाई आहे, असं मला वाटलं.

गावाबाहेर पडल्यावर मी खुलून बोलायला लागलो. सासूबाई उत्तर देणार नव्हत्या, ते रिवाजातच नव्हतं, त्यामुळे मला अडवणारं कुणी नव्हतं. गाडी जरा डुलत होती. मागं वळून पाहिलं की हँडल भलतीकडेच जायचं, म्हणून मी सरळ समोर बघून बोलत होतो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे बघत होत्या. पुढे ओढा लागला. मी गाडी उतारावरून खाली घातली, आणि चढणीला मूठ पिळली. पुढचं चाक हवेत! मी अंग पुढं टाकून ते कसंबसं खाली आणलं. तेवढ्यात मागं खाडकन् आवाज झाला. दिवाळी होती, पोरं दिवसभर फटाके उडवत होती. मी लक्ष दिलं नाही.

आणि चढण संपल्यावर गाडी अशी काही पळायला लागली म्हणता! डुलणं बंद. हँडल जागेवर. मला माझंच कौतुक वाटायला लागलं.

"बघितलं का?" मी मोठ्यानं म्हणालो. "सुरुवातीला जरा अवघड जाते, पण एकदा वेल्डिंग तापून बसलं, की गाडी कशी लोण्यासारखी चालते!"

मागून हाका ऐकू आल्या. "ओ जावई! ओ जावईबापू!" कापूस वेचणाऱ्या बाया हात हलवत बांधापर्यंत पळत आल्या होत्या. गावाच्या जावयाला काय मान असतो पाहा, असं म्हणून मीही हात हलवला. एक म्हातारा रस्त्याच्या कडेला बिडी ओढत बसला होता. तो मला बघून उभाच राहिला आणि माझ्या पाठीमागं बोट दाखवायला लागला. "हो हो, सासूबाई आहेत!" मी अभिमानानं ओरडून सांगितलं.

सगळ्या रस्त्यानं मी बोलत होतो. मामांची समजूत कशी घालायची, त्यांनी आवाज चढवला तर आपण कसं गप्प राहायचं, हे सगळं मी सासूबाईंना नीट समजावून दिलं. त्या गप्पच होत्या. समजूतदार बाई, मी मनात म्हणालो.

वाडीत शिरलो. मामा ओट्यावर बसले होते. फटफटीचा आवाज ऐकून त्यांनी मुद्दाम आमच्याकडे पाठ केली. रुसलेला माणूस आधी पाठ करतो, मग बोलतो. मी खाली मान घालून गाडी स्टँडवर लावायला लागलो.

"मामा," मी म्हणालो, "बघा कुणाला आणलंय!"

"आली का?" मामा भिंतीकडे बघत म्हणाले. "मांडवात मामा लागत नव्हता, आता भाऊबीजेला लागला व्हय? परतूरहून बरफ आणला म्या! खांदा बधिर झाल्ता! आन् हितं येऊन बघतो तर लगीन लागून गेल्तं!"

मी मान खालीच ठेवली. सासूबाईही गप्प होत्या. मामांना तेच हवं असावं, ते आणखी बोलत सुटले. सुमन लहान असताना तिला खांद्यावर बसवून जत्रेला नेल्याचं त्यांनी सांगितलं. तिच्या लग्नासाठी नवा फेटा शिवून ठेवल्याचं... नाही, फेटा शिवत नाहीत, रंगवून ठेवल्याचं सांगितलं. मग त्यांचा आवाज एकदम चिरकला.

"राखीला दिवसभर दारात बसून हुतो म्या," ते म्हणाले. "तरी बी आलीस, ते बरं केलंस. ये माय. उभी काहून राह्यलीस?"

आणि डोळे पुसत ते वळले. मीही वळलो.

मागं कुणी नव्हतं. माणूस तर नव्हतंच, पण सीटही नव्हतं! नळाचे दोन पाइप तेवढे वाकडे होऊन लोंबत होते.

मामांनी पाइपांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"जावईबापू," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझी बहीण कुठं सांडली तुम्ही?"

मला आजवर बऱ्याच लोकांनी बरंच काही विचारलं आहे. पण या प्रश्नासारखा प्रश्न नाही. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते काय असतं ते मला त्या ओट्यापुढं कळलं. त्या ओढ्यातला खाडकन् आवाज माझ्या कानात परत झाला. तिथून वाडीपर्यंत मी कुणाशी बोलत आलो होतो? मामा तसेच अनवाणी धावत सुटले. त्यांच्या मागं मी. आमच्या मागं कुणाची तरी बैलगाडी. वाटेत तो बिडीवाला म्हातारा पुन्हा उभा राहिला. "म्या सांगत हुतो!" तो ओरडला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

धावताना माझ्या डोळ्यांपुढं काय काय आलं ते मी लिहीत नाही. लिहवत नाही. मला लोखंडातलं काहीएक कळत नाही, आणि त्यापायी माझ्या बायकोची आई गेली, हे सुमनला कुठल्या तोंडानं सांगणार, एवढंच डोक्यात होतं.

ओढ्याच्या चढणीवर गर्दी दिसली. कापूस वेचणाऱ्या सगळ्या बाया जमल्या होत्या. आणि मधोमध, भर रस्त्यात, सासूबाई बसल्या होत्या. त्याच लाल सीटवर, कमळाला टेकून, मांडीवर फराळाची पाटी. सीट त्यांना घेऊनच खाली आलं होतं. एक करंजीसुद्धा मोडली नव्हती! पण डावा हात मनगटापाशी टम्म सुजला होता, आणि त्या हातातल्या हिरव्या बांगड्यांपैकी एकही उरली नव्हती. काचा तिथंच मातीत पडल्या होत्या.

मला बघताच सासूबाईंनी काय करावं? चांगल्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला! आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "जावईबापूंला इचार गं माय, त्यांला कुठं लागलं तर न्हाई?"

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचा आभारी राहिलो असतो. मला रडू आलं. लाजेनं आलं. मी तोंड फिरवून ओढ्याकडे बघत उभा राहिलो.

मामा माझ्या अंगावर धावून आले. "आरं, माणूस हायेस का कोण हायेस? येवढी बाई पडली, तुला समजू नये?"

"दादा, गप!" सासूबाई म्हणाल्या. "त्यांला काई बोलू नको. मानाचे हायेत. तू बस हितं."

त्या स्वतः उठल्या आणि मामांना त्या सीटवर बसवलं. पाट म्हणून! फडक्यातलं ताट सोडलं. बिडीवाला म्हातारा मागोमाग आला होता, त्याच्याकडून काडेपेटी घेतली. एका बाईनं ताट धरायला मदत केली, आणि सासूबाईंनी उजव्या हातानं, ओढ्याच्या चढणीवर, भर रस्त्यात भावाला ओवाळलं. मामा अनवाणी, घामाघूम, पाठीमागं पत्र्याचं कमळ. ओवाळणी घालायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, बहिणीच्या गळ्यात बांधलं आणि तिचा सुजलेला हात त्यात अलगद ठेवला.

"लई सुजला," ते पुटपुटले. "ह्याच्यावर बरफ लावावा लागंल."

'बरफ' म्हणताच दोघंही थांबले.

"लावू," सासूबाई म्हणाल्या. "पर तू नको जाऊ आणायला. तू गेला की लगीन लागून जातं."

मामांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते की रडत होते ते सांगता यायचं नाही. सासूबाईही हसल्या, आणि हसता हसता हात दुखला म्हणून कळवळल्या, आणि पुन्हा हसल्या. बाया हसल्या. बैलगाडीवाला हसला. त्या सगळ्या ओढ्यात न हसणारे फक्त बैल आणि मी.

सासूबाईंना बैलगाडीत बसवून परतूरच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. मामा गाडीत त्यांच्याजवळ बसले. मी गाडीच्या मागून चालत होतो. (मला कुणी बसा म्हणालं नाही असं नाही. माझंच बसण्यावरून मन उडालं होतं.) त्यामुळे पुढचं बोलणं मला सगळं ऐकू आलं.

"माय, चाक वर उचलत हुतं म्हणं, ते तुला समजलं न्हाई?"

"समजलं की. घरून निघताना उचललं, तव्हाच समजलं."

"मंग बसलीस काहून?"

"आता जावयाला न्हाई कसं म्हणावं? रुसले असते. सुमी बोलून राह्यली हुती, तिला म्याच आत हाक मारून गप केलं. हे बी म्हणले, पहिलाच दिवाळसण हाये, मान राख."

म्हणजे सासूबाईंना माहीत होतं. अण्णांना माहीत होतं. सुमनला तर होतंच. पुढं कधीतरी मी रहीमभाईंना विचारलं, तर तेही मान हलवत म्हणाले, "शक तो मेरेकू भी था जमाईबाबू. मगर गाँव का जमाई बोल रहा, तो नक्को कैसे बोलना?" आख्ख्या आष्टीत ही गाडी मोडणार हे ज्याला ठाऊक नव्हतं असा मी एकटाच होतो.

सासूबाईंचा हात मोडला होता. प्लास्टर घालून घरी आणलं. घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. दिवाळसणाचा पोशाख अण्णांनी ठरल्याप्रमाणे दिला. अंगठी बोटात घातली, नारळ हातात दिला. दुखरा हात सांभाळत सासूबाई दारामागं उभ्या होत्या. "जावईबापू जेवले का नीट?" असं त्यांनी दाराला विचारलं. दारानं उत्तर दिलं नाही, आणि माझ्याही तोंडून निघालं नाही. सुमन तेवढी आमच्या जालन्याच्या घरी परतल्यावर बोलली. ती काय बोलली ते इथं देत नाही, कारण जागा पुरायची नाही.

अण्णांनी फटफटी पुन्हा आखूड करून घेतली, पण तिची चाल पहिल्यासारखी राहिली नाही. बाजूला निघालेलं सीट ओट्यावर आलं. मामा त्यानंतर दर भाऊबीजेला स्वतःच आष्टीला येत राहिले. पायी येत आणि मी असलो की माझ्याकडे बघून "आलो बरं का, पायी!" असं म्हणत.

पुढं बरीच वर्षं गेली. आमच्या मुलीचं लग्न झालं. (तिच्या मामाला, म्हणजे सुमनच्या धाकट्या भावाला, मी दिवसभर मांडवाच्या खांबापाशी बसवून ठेवलं होतं. बर्फ आणायला मी स्वतः गेलो!) मागच्या दिवाळीत तिचा पहिला दिवाळसण. जावई पुण्याला कंपनीत, कॉम्प्युटरवर. गोड मुलगा. दिवसभर लोडाला टेकून कंटाळला. मीही रोज संध्याकाळी विचारायचो, "काही मनात असलं तर सांगा बरं का." आणि पाडव्याच्या सकाळी तो म्हणाला,

"पप्पा, आईंना गुडघ्यामुळं तुमच्या गाडीवर बसता येत नाही ना? मी विचार केला, आपण मागच्या बाजूला एक छोटी खुर्ची जोडू. थोडासा रॉड वाढवायचा. फक्त एक वेल्डिंग."

मी सगळी हकीकत सांगायला तोंड उघडलं. ओढा, कमळ, मातीतल्या बांगड्या, सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सुमननं टेबलाखाली माझा पाय असा काही दाबला की माझं तोंड आपोआप मिटलं. आत्ता कुठं दोन-तीन दिवस झाले होते. पहिलाच दिवाळसण!

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी तयार होऊन दारात आली. आईंना नंतर, आधी पप्पांनी बसून बघावं, असा जावईबापूंचा आग्रह. खुर्ची गाडीच्या मागं, बाहेर, हवेत. मी गाडीभोवती एकदा हिंडलो. सुमनकडे पाहिलं. सुमननं आभाळाकडे पाहिलं.

"धरून बसा," ती म्हणाली.

मी बसलो. पुढचं चाक अलगद वर आलं. जावईबापूंनी घाईनं पुढे बसून समोरच बघत अभिमानानं विचारलं, "कसं वाटतंय पप्पा?" मी खिशातला रुमाल काढून डोक्यावर ओढून घेतला, दोन्ही हातांनी खुर्ची आवळली आणि म्हणालो, "वा! अगदी लोण्यासारखी!"